पमीची साखळी

मोरडोह, ता. यावल
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
भूपेंद्रचा नमस्कार.

फोनच करणार होतो, पण आबा म्हणाले, "तिच्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारते, मग ते चिडते अन् फोन ठिवून देते. तिले कागदावरच लिही." म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत हे पत्र लिहायला बसलो आहे.

काम असं आहे. आपल्या मोरडोहची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, त्याला यंदा पाच वर्षं होतात. त्यानिमित्त महाराष्ट्र दिनाला 'मोरडोह दर्शन' नावाची पुस्तिका काढायची ठरली आहे. गावाचा इतिहास आणि गावातल्या सोयी-सुविधा, असा विषय. गिरधर नाना समितीचे अध्यक्ष आहेत आणि मी मराठी शिकवतो, एवढ्या एका गुन्ह्यावरून लेखन माझ्या गळ्यात पडलं. मसुदा सोबत पाठवतो. जलकुंभ, केळीचं शीतगृह, दवाखाना, अभ्यासिका, खुली व्यायामशाळा, नाना-नानी पार्क, वैकुंठधाम, पुलाजवळचा सेल्फी पॉइंट, असं सगळं घेतलं आहे. इतिहास मात्र 'डोहावर मोर पाणी प्यायला येत, म्हणून मोरडोह' इथेच अडला.

घाटाबद्दल तुम्ही लिहाल का? पायऱ्यांच्या कडेने वरपासून खालपर्यंत जी लोखंडी साखळी आहे, ती कुणी बसवली? आबांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे ते. दुसरं काही लिही." म्हणून तुम्हाला त्रास देतो.

आबा बरे आहेत. गुडघे तेवढे कुरकुरतात.

तुमचा
भूपेंद्र

---

पिंपळनेर, ता. साक्री
१८ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेंद्र,
आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. आपल्या गावाला तापी नावाची नदी आहे, हे तुझ्या समितीला कुणीतरी कळवा. सेल्फी पॉइंटला अर्धं पान आणि घाटाला तीन ओळी. वैकुंठधामाचं वर्णन मात्र इतकं रसाळ केलं आहेस की माणसाला आजच तिथे राहायला जावंसं वाटेल. नाना-नानी पार्कात एकही नानी बसत नाही, हे मला इथे पिंपळनेरात बसून माहीत आहे. त्या वेळेला नान्या घरात भाकरी थापत असतात.

आता सांगते ते लिही. पूल झाला चौऱ्याहत्तर साली. त्याआधी पलीकडे जायचं तर कोळ्यांची नाव. नावेत नवरीही बसायची, शेळीही बसायची आणि मामलेदारही बसायचा, आणि तिघांनाही नावाडी एकाच शब्दात गप्प करायचा. केळीचे घड बैलगाड्यांतून सावद्याच्या स्टेशनात जायचे. पहाटे शंभर गाड्यांच्या घुंगरांनी जाग यायची. जिनिंगचा भोंगा वाजला की बाया चुली पेटवायच्या. कुणाच्या घरात घड्याळ नव्हतं आणि कुणाला उशीरही होत नव्हता.

साखळीचं मला विचारलंस हे बरं केलंस, कारण ती साखळी माझी आहे. घाटाच्या पायऱ्यांना शेवाळ धरायचं, बाया घसरायच्या. बापूंनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, भुसावळहून साखळी आणून पायऱ्यांच्या कडेने ठोकून घेतली. सगळा गाव तिला 'पमीची साखळी' म्हणतो. घरात मला कुणी पमी म्हणत नव्हतं, आई तर मला पहिल्यापासून 'बाई'च म्हणायची, शेंडेफळ असूनही. पण शाळेच्या दाखल्यावर मी प्रमिला. लहानपणी एकदा बापूंना विचारलं होतं, की ही कुणासाठी बसवली? ते म्हणाले, माझ्या मुलीसाठी. एवढ्या मोठ्या लोखंडी वस्तूला आपलं नाव असलेली मुलगी पंचक्रोशीत मी एकटीच होते. आई मला घाट उतरू द्यायची नाही, त्यामुळे माझी आणि साखळीची ओळख वरच्या टोकापुरतीच राहिली, ते सोड. तू माझं नाव घाल, आणि ठळक घाल.

तुझ्या आबांची चौकशी मी केली असं त्याला सांगू नकोस. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. लग्न होऊन इथे आले तेव्हा आखाजीच्या, तुमच्या पुस्तकातल्या अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधीपासून गल्लीतल्या एकेकीचा मुऱ्हाळी तिला माहेरी न्यायला यायचा. माझी पिशवी भरून दाराशी. सगळ्यांचे आलेले पाहून सासू म्हणायची, "बठ्ठास्ना मुऱ्हाळी ई ग्यात. तुना भाऊ कोठे शे?" आणि माझा भाऊ, म्हणजे तुझा आबा, यायचा आखाजी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. दर वर्षी. झोके उतरवलेले, गौराई बोळवलेली, आणि मी निघाले माहेरी. शहाण्णव साली आई गेली. पुढच्या आखाजीला तो परत तसाच उशिरा आला, तेव्हा मी उंबऱ्यातूनच सांगितलं, सण झाला, जा परत. तो गेला. पुन्हा आला नाही. कुरडया आणि आंबे पाठवतो कुणाच्या तरी हाती, जसं काही मी कुरडयांसाठी वाट पाहत होते.

हे पुस्तिकेत घालू नकोस.

तुझी आत्या
प्रमिला

---

मोरडोह
१२ मार्च २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

तुमचं पत्र समितीत वाचून दाखवलं. नावाड्याच्या वाक्याला सगळे हसले. सेल्फी पॉइंट तीन ओळींवर आणला आणि घाटाला पूर्ण पान दिलं. तुमचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे, साखळीसकट.

मसुदा गिरधर नानांनी तपासून परस्पर जळगावला छापखान्यात दिला. तिथून आलेली छापील प्रत सोबत आहे. दहावीची परीक्षा चालू असल्याने मला अजून पाहायला सवड झाली नाही. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून आधी तुम्हालाच पाठवतो. चुका लाल शाईने दुरुस्त करा.

तुमचा
भूपेंद्र

---

पिंपळनेर
१९ मार्च २०२५

भूपेंद्र,

लाल शाई घरात नव्हती आणि असती तरी हात चालला नसता.

पान नऊ. 'घाटाच्या कडेची ही साखळी कै. प्रमिलाबाई यांच्या स्मरणार्थ त्यांच्या वडिलांनी बसविली.'

मी आधी सुनेला वाचायला दिलं, म्हटलं माझा चष्मा खोटं बोलतोय. रूपाने वाचलं आणि तिचा चेहरा पडला. मग हसण्यावारी न्यायला लागली, "आत्याबाई, छापखान्याची चूक असेल." छापखाना 'घाट'चा 'घट' करेल, एक वेळ मला पुरुष करेल. पण 'स्मरणार्थ' हे तीन-चार अक्षरांचं लफडं चुकून पडत नाही. ते कुणीतरी विचार करून लिहिलं आहे.

तासाभराने मी आरशासमोर जाऊन उभी राहिले, हे तुला सांगायला लाज वाटते. मी तुमच्या गावी मेले आहे का? कधीपासून? मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे.

प्रमिला

---

मोरडोह
२७ मार्च २०२५

ती. आत्यास,

क्षमा कशी मागू कळत नाही. पत्र मिळालं त्याच दिवशी पेपर तपासायचे टाकून गिरधर नानांकडे गेलो. म्हटलं नाना, माझी आत्या जिवंत आहे, ठणठणीत आहे, तुम्ही 'कै.' कसं घातलंत? नाना खाटेवर बसले होते. चिडले नाहीत. म्हणाले, "म्या चूक नाही केली. म्या दुरुस्ती केली. साखळी मेलेल्या पमीची हाये, हे बठ्ठ्या गावाले ठावं हाये. तुझा बाप आखाजीले उंबऱ्यावर कोनाचं नाव घेतो, इचार त्याले."

आत्या, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. नानांनी म्हटलं आणि मला आठवलं. आखाजीच्या सकाळी घागर भरून, तिच्यावर डेरग्याचं छोटं मडकं आणि खरबूज ठेवून झालं, की आबा उंबरा धुतात आणि त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेका पितराला नाव घेऊन जेवायला बोलावतात. पणजोबा, आजोबा, आजी, सगळे. सगळ्यात शेवटी, अगदी कोपऱ्यात, ते करंगळीने एक लहानसं बोट लावतात आणि हळूच म्हणतात, "पमी." लहानपणापासून ऐकत आलो. इतकी नावं असतात, कोण कुणाची कोण हे कुणी विचारत नाही. मला वाटायचं कुणीतरी जुनी पणजी असेल.

काल जेवताना आबांना विचारलं. त्यांनी ताटावर पाणी सोडलं आणि उठून केळीच्या मळ्यात गेले. अंधार पडल्यावर आले.

मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं की नको, तेही कळत नाही.

भूपेंद्र

---

पिंपळनेर
३ एप्रिल २०२५

भाऊ,

नमस्कार लिहीत नाही. मेलेली माणसं नमस्कार करत नाहीत.

तुझ्या मुलाने सगळं कळवलं. त्याच्यावर रागावू नकोस, तो तुझ्यापेक्षा सरळ आहे. अठ्ठावीस वर्षं मी समजत होते की तुला माझा राग आला असेल, तुला बहिणीची लाज वाटत असेल, वहिनीने अडवलं असेल. रात्र रात्र कारणं शोधली. पण एवढं वाईट कारण माझ्या मनात कधी आलं नाही.

जित्या बहिणीला पितरात बसवलंस. कुंकवाचं बोट ओढून, नाव घेऊन. आणि तेही मी दारातून परत पाठवलं त्यानंतर नाही, तुझा मुलगा लहानपणापासून ऐकतोय म्हणतो. म्हणजे मी पिशवी भरून दाराशी बसलेली असायचे तेव्हाही. मला वाटायचं तू उशिरा येतोस. तू तर मला आधी पोचवून मग आणायला येत होतास.

मी तुझं काय केलं होतं, भाऊ? शेतात हिस्सा मागितला नाही. आईच्या पाटल्या मागितल्या नाहीत. एक सण मागितला होता.

या वर्षी कुरडया पाठवू नकोस. पितरांना कुरडई उंबऱ्यावर ठेवतात, टपालाने नाही.

प्रमिला

---

मोरडोह
१२ एप्रिल २०२५

बाई,

मला लिहायची सवय नाही. भूपेंद्र म्हणाला, मी लिहितो, तुम्ही सांगा. त्याला म्हटलं, हे मलाच लिहावं लागेल. चार कागद फाडले.

तू जिवंत आहेस. माझं आयुष्य तुला लागो. उंबऱ्यावरचं नाव तुझं नाही. ते तुझ्या आधीच्या पमीचं आहे.

तुझ्या आधी आपल्याला एक बहीण होती. माझ्या पाठची. ती सहा वर्षांची असताना श्रावणात आई तिला घेऊन घाटावर धुणं धुवायला गेली. मी शाळेत होतो. आई कपडे आपटत होती आणि पमी पायरीवर बसून साबणाचा फेस उडवत होती. आईने पिळा झटकून मागे पाहिलं तर पायरी रिकामी. पायरीवर शेवाळ होतं. कोळ्यांनी संध्याकाळपर्यंत डोह घुसळला, तेव्हा सापडली. महिन्याभरात बापूंनी साखळी बसवली. तुला ते म्हणाले, माझ्या मुलीसाठी, ते खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी तू झालीस. तुझ्या कानामागे तिच्यासारखाच तीळ होता. आजीने तो पाहिला आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "तेच पोर परत आलं. नाव बी तेच ठिवा." आई बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "ते गेली ते गेली. ही येगयी हाये, दुसरी हाये." तिचं कुणी ऐकलं नाही. बारशाला आजीने तुझ्या कानात तेच नाव सांगितलं. मी जवळ उभा होतो. आईने त्या नावाने तुला कधी हाक मारली नाही.

पहिल्या आखाजीला मोठा तंटा झाला. आजी पाळण्याकडे बोट करून म्हणाली, "पायन्यात निजेल हाये ते पितरात कशी बोलावता?" आई म्हणाली, "घागर नका भरू, पोरांची भरत नाही. पन तिचं एक बोट तरी लावा. नाव नाही घेतलं तर ते उंबऱ्याच्या भायेर उभी राहील. सहा वर्साचं पोर." कुणी लावलं नाही तेव्हा आईने स्वतः लावलं. करंगळीने, कारण पमीची बोटं लहान होती. तेव्हापासून ते आहे.

पण आईने एक धसका घेतला होता. जित्या माणसाने आपलं नाव पितरात घेतलेलं ऐकलं तर त्याचं आयुष्य तुटतं. म्हणून तू कळती झाल्यावर दर आखाजीला तुला सावद्याला मामाकडे पाठवायची. म्हणायची, मामाकडचे झोके मोठे. तुला आनंद व्हायचा. तुझं लग्न झालं तेव्हा आमच्यापुढे पेच पडला. सणाला सासरहून आणलेली मुलगी मामाकडे कशी पाठवायची? आई म्हणाली, "एक दिवस उशिरा जाय. तिले वाईट वाटलं तं वाटू दे. जगली पाह्यजे." मी तसं केलं. तुझी सासू आत बोलायची ते मला ओट्यावर बसून ऐकू यायचं.

आई मरताना माझ्याकडून दोन वचनं घेऊन गेली. पमीचं बोट चुकवायचं नाही आणि तुला कळू द्यायचं नाही. तू मला दारातून परत पाठवलंस त्या दिवशी सांगावंसं वाटलं. पण तुझ्याच नावाची मेलेली पोरगी तुझ्या दारात कशी आणू? मग एसटी मिळाली, बसलो.

गावात सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकाला वाटत होतं की तुलाही माहीत असेल.

आता एक वचन मोडलं. दुसरं मोडवत नाही. तू सांग, मी काय करू?

तुझा
भाईदास

---

पिंपळनेर
१९ एप्रिल २०२५

भाऊ,
नमस्कार. वाकून.

तुझं पत्र पोस्टमनने दुपारी दिलं. मी ओट्यावर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. रूपा चहा ठेवून गेली, गार झाला म्हणून घेऊन गेली, दुसरा ठेवून गेली. तिला वाटलं मला काही झालं. झालंच होतं.

पहिल्यांदा राग आला, तो लिहून टाकते. नावाड्यापासून भिकुबाई भाजीवालीपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक आणि मला सोडून. मी शाळेत वर्गात सांगायचे, साखळी माझ्या नावाची आहे म्हणून. पोरी गप्प व्हायच्या. मला वाटायचं त्यांना हेवा वाटतो.

मग मोजत बसले की मी आपल्या घरात आखाजी कधी पाहिली. एकदाही नाही. मुलगी असताना सावद्याला, सून असताना इथे. सण म्हटला की मी परक्या झोक्यावर. आणि मला ते कधी खटकलंसुद्धा नाही, कारण मामाकडचे झोके खरंच मोठे होते.

मग आई आठवली. माझे केस विंचरताना ती कानामागे बोट ठेवून थांबायची. मी म्हणायचे, आई, ओढ की. तेव्हा ती कुणाला पाहत होती, हे आता विचारायला माणूस नाही. पण एक मला कळलं. आजीने मला दुसऱ्याचं नाव दिलं, आणि सगळं घर तिच्या बाजूने असताना आईने ते माझ्या अंगाला लागू दिलं नाही. मी सगळ्यांत धाकटी आणि मला बाई म्हणायची. आम्ही हसायचो तिला.

सदुसष्टाव्या वर्षी मला मोठी बहीण मिळाली, भाऊ. सहा वर्षांची. अजून तिला काय म्हणावं कळत नाही. अक्का म्हणायला जीभ वळत नाही, पण म्हणेन.

तू विचारलंस काय करू. सांगते. आखाजी तीस तारखेला आहे. तू अठ्ठावीसला मुऱ्हाळी म्हणून मला न्यायला ये. कुणाच्या हाती निरोप नको, तूच ये, गुडघे घेऊन. भूपेंद्रला गाडी चालवू दे. एक दिवस उशीर केलास तर मी दार उघडणार नाही, हे सत्त्याण्णवपासून तुला माहीत आहे.

तीसच्या सकाळी उंबरा मी धुईन. आईचं, बापूंचं, आजीचं बोट तू लाव. आजीचं जरा तिरकं लाव. अक्काचं मी लावीन, करंगळीने, आणि नाव मोठ्याने घेईन. आयुष्य तुटायचं असेल तर तुटू दे, सदुसष्ट वर्षं पुरेसं वापरून झालं आहे. माझ्या नावाने तिला हाक मारायची म्हणजे मला आत बोलावल्यासारखंच होईल. दोघी एकदमच आत येऊ. तुझं वचन मोडत नाही, मी ते माझ्याकडे घेते.

खालचं भूपेंद्रला वाचून दाखव.

चि. भूपेंद्र, छापखान्याला कळव की पान नऊवरचा 'कै.' काढायचा नाही. गिरधर नाना बरोबर होते, त्यांना माझा नमस्कार सांग. साखळी सुविधांच्या यादीतून काढून इतिहासात घे, आणि नावापुढे वय घाल, सहा वर्षं. फक्त एक दुरुस्ती कर. 'प्रमिलाबाई'मधला 'बाई' खोड. सहा वर्षांच्या पोरीला कुणी बाई म्हणत नाही. बाई मी आहे.

तुमची
बाई